न दुखणाऱ्या ताईंचं उघडं बोट

सकाळी सातला आमच्या रक्ततपासणीच्या लॅबचं शटर वर जातं, आणि ते पुरतं वर जायच्या आतच माझ्या खिडकीवर पहिला प्रश्न येतो, "न दुखणाऱ्या ताई आल्यात का?"

नमस्कार नाही, डॉक्टरची चिठ्ठी पुढे करणं नाही, आधी हे. मी नंबर देणारी आणि रिपोर्ट छापणारी बाई, माझी कोण चौकशी करणार? न दुखणाऱ्या ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. रक्त काढायच्या दोन खुर्च्यांपैकी पहिली खुर्ची सव्वीस वर्षं त्यांची आहे. दुसरीवर भिंगकाका असतात. जाड काचांचा चष्मा, स्वभावाने अगदी गरीब, हात मात्र जरा जड. लोक अर्धा तास जास्त थांबतात पण पहिली खुर्ची सोडत नाहीत. भिंगकाका तेवढ्या वेळात पेपरातलं शब्दकोडं सोडवतात.

जाऊबाईंची सगळी करामत एका बोटात होती. दोन्ही हातांत मोजे घालायचे हा नियम. त्या घालायच्या, पण उजव्या मोज्याच्या पहिल्या बोटाचं टोक रोज सकाळी कात्रीने उडवून मगच कामाला लागायच्या. त्या उघड्या बोटाने कोपराच्या खळगीत चाचपायचं, डोळे अर्धे मिटायचे, आणि शीर कितीही खोल दडून बसलेली असो, तिला हुडकून काढायचं. मग स्पिरिटचा कापूस फिरवायचा, ते वाळेपर्यंत थांबायचं, आणि सुई घालायच्या आधी त्याच जागी पुन्हा एकदा बोट टेकवायचं, खात्रीसाठी. हे शेवटचं टेकवणं नियमात बसत नाही. पुसलेल्या जागेला हात लावायचा नसतो. लॅबच्या मोठ्या मॅडमना ते दिसायचं, पण जिच्या खुर्चीवर कधी कोणाला दोनदा टोचावं लागलं नाही, तिला काय शिकवणार? मॅडम दुसरीकडे बघायच्या. मीही बघायचे नाही, कारण मला त्यांचा अभिमान होता. त्यांच्याहून बरं मला काही येत असेल तर ते भांडण.

घरी आम्ही एकाच जिन्यावर, समोरासमोरच्या दारांत राहतो. दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या मधल्या एकाच बोळकांडीवर उघडतात, त्यामुळे त्यांच्याकडे चमचा पडला तरी मला कळतो. मोठे दीर लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लोकांना वरखाली नेणाऱ्या पेट्यांत डोकं घालतात आणि संध्याकाळी स्वतः तीन मजले चढून येतात, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. या एका विनोदावर ते दोघं वर्षानुवर्षं हसत आले होते. सातला ते यायचे, आणि सव्वासातला भांडी विसळता विसळता दोघांचं काहीतरी सुरू व्हायचं. कुजबुज, मग फिदीफिदी, मग ताटली आपटल्याचा आवाज. मी खिडकी लोटून घ्यायचे. चाळिशी-पन्नाशीच्या माणसांनी इतकं हसू नये असं मला वाटायचं, आणि मनातून हेवाही वाटायचा.

पन्नाशी उलटली आणि जाऊबाईंची पाळी गेली. जाताना झोपही घेऊन गेली. रक्त काढता काढता मानेवरून घामाचे ओघळ यायचे, दिवसातून तीनदा आतून शेगडी पेटायची. कुरकुरत बसणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या स्त्रियांच्या डॉक्टरकडे गेल्या, अंगाला चिकटवायच्या इस्ट्रोजेनच्या पट्ट्या आणि सोबतच्या गोळ्या घेऊन आल्या, आणि दीड-दोन महिन्यांत झळा थांबल्या, झोप परत आली. मी म्हटलं, सुटलो. पण सव्वासातचं हसणं काही परत आलं नाही.

एकदा लॅबच्या चहाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. त्यांनी कप खाली ठेवला.

"एक सांगू? हे खांद्यावर हात ठेवतात ना, तेव्हा माझ्या डोक्यात उद्या किती नळ्या मागवायच्या त्याची यादी सुरू होते."

"भाऊजींशी वाजलंय का काही?"

"वाजलं असतं तर बरं होतं. अगं, माणूस आवडतो मला. हातही आवडतो. पण आत काही हलतच नाही. इतकी वर्षं हलत होतं, आता ढिम्म. आणि ते एका शब्दाने बोलत नाहीत. मी झोपेपर्यंत बाहेर बसून लिफ्टची पुस्तकं वाचतात. त्यांना त्यातलं काय शिकायचं राहिलंय आता?"

मी जे म्हणू नये तेच म्हटलं. "वयच आहे ताई ते. आता सोडा."

"का सोडू? गुडघा दुखत असता तर सोड म्हणाली असतीस?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी डॉक्टरची वेळ घेतली आणि मलाही ओढून नेलं.

डॉक्टरीण बाई आखूड केसांची, तोडून बोलणारी. तिने सरळ प्रश्न विचारले, जे मी सख्ख्या बहिणीलाही विचारले नसते, आणि जाऊबाईंनी सरळ उत्तरं दिली. त्रास होतो का, कोरडेपणा आहे का, नवऱ्याशी पटतं का, मन खट्टू असतं का, दुसरी कसली औषधं चालू आहेत का. शेवटी ती म्हणाली, "टेस्टोस्टेरॉनचं जेल थोडं देऊन बघू."

"ते पुरुषांचं ना? दाढी येईल त्यांना," मी मध्येच बोलले.

"बायकांच्या अंगातही असतं, थोडंसं. जास्त झालं तर नको तिथे केस येतात, चेहऱ्यावर फोड येतात. म्हणून तर मोजून द्यायचं आणि रक्त तपासायचं." मग ती जाऊबाईंकडे वळली. "एक लक्षात ठेवा. रक्तातल्या आकड्यावरून इच्छा कळत नाही. आकडा एवढ्याचसाठी, की आपण कुठून सुरुवात केली आणि मर्यादेच्या वर जात नाही ना. एकदा आत्ता तपासू, औषध सुरू करायच्या आधी. मग सहा आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी. दर वेळी सकाळी रक्त द्यायचं आणि त्या दिवसाचं जेल रक्त दिल्यावर लावायचं. लावून गेलात तर आकडा फुगेल आणि मी उगाच घाबरेन."

जेल किती लावायचं, तर मटाराच्या दाण्याएवढं. कुठे, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला. फरक पडायला दोन-तीन महिने जातात, सहा महिन्यांत नाहीच पडला तर बंद करायचं. आणि हे या एका तक्रारीपुरतंच, तारुण्य परत येतं वगैरे कोणी सांगितलं तर ऐकायचं नाही. "लावून झालं की हात साबणाने स्वच्छ धुवायचे," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या त्वचेला लागता कामा नये."

जिना उतरताना जाऊबाई हसल्या. "हात धुवायला सांगते. मला." मीही हसले. ज्या बाईचे हात दिवसातून शंभर वेळा सॅनिटायझरने चोळले जातात तिला हे सांगणं म्हणजे काय. साबण मात्र त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी टाकलेला होता. त्याने बोटांना भेगा पडायच्या, आणि भेग पडलेल्या बोटाला शीर लागत नाही असं त्यांचं म्हणणं.

तर सुरू झालं. सकाळी सहाला अंघोळ, जेल, सॅनिटायझरचे दोन थेंब, आणि साडेसहाला आम्ही दोघी बससाठी खाली. दुसऱ्याच आठवड्यात मी विचारलं, "काही हललं का?" त्या म्हणाल्या, "बी पेरल्यावर रोज उकरून बघतेस का गं तू?" सहा आठवड्यांनी, एका गुरुवारी, त्यांनी रक्त तपासलं. सांगितलं होतं तस्सं केलं. सकाळी जेल लावलं नाही, लॅबमध्ये येऊन सातच्या ठोक्याला स्वतःच्याच डाव्या हाताचं रक्त स्वतःच काढलं, दंडावर बांधायचा पट्टा दातांनी ओढून. भिंगकाकांवर त्यांचा तेवढा भरवसा नव्हता. त्या दिवसाचं जेल त्यांनी दुपारी घरी गेल्यावर लावलं. आकडा बायकांच्या मर्यादेत अगदी व्यवस्थित आला आणि डॉक्टरीण बाई खूश झाली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी भाजी चिरत होते. सव्वासात झाले असतील. पलीकडून आधी कुजबुज आली, मग दिरांचा आवाज, "आणि आपल्याला मात्र तीन मजले जिना," आणि मग ते जुनं फिदीफिदी. मी गॅस बंद केला आणि सुरी हातात धरून तशीच उभी राहिले. मला रडू आलं. या वेळी मी खिडकी लोटली नाही.

लॅबमध्ये मात्र त्याच दिवसांत एक कटकट चालली होती. टेस्टोस्टेरॉनची तपासणी रोज नसते, आठवड्याला एखाददोन बायका येतात. त्यातल्या काहींचे आकडे वेडेवाकडे वर येत होते. मोठ्या मॅडमनी यंत्रवाल्याला दोनदा बोलावलं. तो दोनदा म्हणाला, यंत्र ठीक आहे. मी त्याला खिडकीतूनच फैलावर घेतलं, कारण रिपोर्ट घेणारे लोक यंत्रवाल्याचं तोंड बघत नाहीत, माझं बघतात. बिचारा हात जोडून गेला. त्याची माफी मी पुढे मागितली, पण त्या दिवशी मला यंत्राशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

मग एका सोमवारी ती मुलगी आली. मुलगी म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीसची, पोहायला शिकवणारी, रुंद खांद्यांची, केस अजून ओले. तिने रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. तीन आठवड्यांपूर्वीचा.

"हा आकडा नक्की माझाच आहे का?"

मी नंबर ताडून पाहिला. "तुमचाच आहे."

"तलावावर नवी मुलं चुकून मला सर म्हणतात," ती म्हणाली. "मी हसून सोडून देते. आता तुमचा कागदही तेच म्हणतोय. डॉक्टर म्हणतात आत गाठ असू शकते. बुधवारी अकराला स्कॅन आहे." मी नेहमीचं सांगितलं, की डॉक्टरशी बोला. ती गेली. मान वर केली तर पहिल्या खुर्चीपाशी जाऊबाई हातात पट्टा धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. "या तपासणीची यादी काढ. दोन-अडीच महिन्यांची. कोणत्या खुर्चीवर, किती वाजता, सगळं."

मी काढली. त्यांनी कागदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सहा बायकांचे आकडे वर होते. सहाच्या सहा पहिल्या खुर्चीवरच्या, नऊच्या आतल्या. भिंगकाकांनी काढलेल्या चौघींचे आकडे सरळ होते. मग त्यांचं बोट एका तारखेवर थांबलं. त्या दिवशी सव्वासात आणि साडेसातला पहिल्या खुर्चीवरच दोघी बसल्या होत्या, आणि दोघींचे आकडे सरळ.

"हा तो गुरुवार," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी मी जेल लावलं नव्हतं."

मला काही कळेना. त्या मात्र स्वतःच्या बोटाकडे बघत होत्या, दुसऱ्याच कोणाचं असल्यासारखं.

"साबणाने धूत होतात ना हात?" मी विचारलं.

"सॅनिटायझर. त्याने जंतू मरतात गं. औषध कशाला मरेल? ते बोटावर तसंच राहिलं असणार. आणि मी पुसलेल्या जागेवर बोट टेकवते. सुई तिथूनच आत जाते. बाईच्या रक्तात हे असतं किती, नखाएवढं. त्यात माझ्या बोटाचं मिसळलं तर काय होईल?"

खरं सांगते, मी काही थोर बाई नाही. मला आधी ती पोहणारी मुलगी दिसली नाही, जाऊबाईंची खुर्ची दिसली. मी दार लोटलं आणि म्हटलं, "ताई, कोणाला कळायचंय? उद्यापासून साबण लावा, आख्खा मोजा घाला आणि गप्प बसा. आकडे आपोआप सरळ येतील. लोक यंत्राला शिव्या देऊन विसरतील."

"परवा अकराला ती स्कॅनला जाणार आहे."

"स्कॅनमध्ये काही निघणार नाही. सुटेल ती."

"आणि तोवर?" त्या माझ्यावर चिडल्या, असं मी क्वचित पाहिलंय. "सव्वीस वर्षं लोक माझ्यापुढे हात करतात आणि तोंड दुसरीकडे फिरवतात. बघत नाहीत मी काय करते ते. कळलं? बघत नाहीत."

त्या यादी घेऊन मोठ्या मॅडमच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग, न बोलावता. जाऊबाईंनी सगळं सांगितलं, जेल कशासाठी लावते हेही. मॅडम ऐकता ऐकता लाल झाल्या. त्यांचा राग मला समजत होता. बोट टेकवताना त्याही बघत होत्या, आणि आता ते त्यांनाही आठवत होतं.

"लॅबचं नाव धुळीला मिळेल," मॅडम म्हणाल्या. "एकतर ते जेल सोडा, नाहीतर खुर्ची सोडा."

जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही सोडणार नाही. बोट सोडते."

मॅडमनी हातातली यादी टेबलावर ठेवली.

"आख्खा मोजा घालेन. साबणाने धुवेन, फुटू देत बोटं. जेल सकाळी नाही, संध्याकाळी घरी गेल्यावर लावेन, डॉक्टरला विचारून. पुसलेल्या जागेला हात लावणार नाही. पण आधी हे खरं आहे का ते तपासा. माझा अंदाज चुकीचा असेल तर त्या मुलीला खोटा धीर दिल्यासारखं होईल."

तपासणीसाठी हात हवा होता. तो मी दिला. मंगळवारी सकाळी जाऊबाईंनी रोजच्यासारखं जेल लावलं, सॅनिटायझर चोळलं, आणि लॅबमध्ये पोचल्या पोचल्या उघड्या बोटाने माझ्या डाव्या हाताचं रक्त काढलं. नेहमीसारखंच, कळलंसुद्धा नाही. त्या उघड्या बोटाने काढलेलं ते शेवटचं रक्त. मग भिंगकाकांनी उजव्या हाताचं काढलं. ते कळलं. दुपारी आकडे आले. उजवा हात म्हणत होता की ही सत्तेचाळीस वर्षांची साधीसुधी बाई आहे. डावा म्हणत होता की हिला ताबडतोब डॉक्टरकडे न्या. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ चष्मा पुसला. मग मला म्हणाल्या, "सगळ्या सहा जणींना फोन करा. पुन्हा तपासायचं, आपली चूक आहे म्हणून सांगायचं."

फोन मी केले. दोघींनी मला वाटेल ते सुनावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी उलट बोलले नाही.

त्या मंगळवारी जाऊबाईंनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, आख्खा मोजा चढवला आणि खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. कात्री खणात गेली. पहिल्याच म्हाताऱ्या गृहस्थांना दोनदा टोचावं लागलं. त्यांनी दचकून वर पाहिलं. त्यानंतर एक लहान पोरगी रडली, आणि रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. संध्याकाळी बसमध्ये त्या म्हणाल्या, "बोट आंधळं झालंय. भिंतीपलीकडून कोणाचं बोलणं ऐकायचं तसं वाटतं." मी म्हटलं, सवय होईल. त्या म्हणाल्या, "होईल. पण ती उद्याच येतेय."

ती बुधवारी सातला हजर होती. जाऊबाई तिला आतल्या खोलीत न नेता तिथेच, दोन खुर्च्यांच्या मध्ये, सगळ्यांसमोर उभ्या राहून बोलल्या. "तुमचा आकडा वर आला तो माझ्यामुळे असावा. पाळी गेल्यावरच्या एका तक्रारीसाठी मी टेस्टोस्टेरॉनचं जेल लावते. ते माझ्या बोटावरून तुमच्या कातडीवर आलं आणि सुईबरोबर नळीत गेलं. मी साबणाने हात धुतले नव्हते. उघड्या बोटाने हात लावायला नको होता, तो लावला. चूक माझी आहे."

रांगेतल्या माना वळल्या. ती मुलगी म्हणाली, "तीन आठवडे मी रोज आरशात मिशी शोधतेय. आईने माझ्याकडे बघायचं टाळलंय. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय," जाऊबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडे नाही बसणार मी."

ती भिंगकाकांच्या खुर्चीवर बसली. भिंगकाकांनी पट्टा बांधला, चाचपलं, टोचलं. काही नाही. दुसऱ्या हाताला बांधला, टोचलं. काही नाही. पोहून पोहून दंड भक्कम झालेले आणि शिरा पार खोल दडलेल्या. काकांनी चष्मा काढला, कपाळ पुसलं. "मला नाही मिळत, बाई. माफ करा."

घड्याळात साडेसात होत आले होते. उगाच हातात काहीतरी हवं म्हणून मी कागद सारखे करत बसले. मुलगी उठली, दोन पावलं टाकून पहिल्या खुर्चीवर बसली आणि भिंतीकडे तोंड करून हात पुढे केला. "घ्या."

जाऊबाईंनी तिच्यासमोर नवा मोजा काढला आणि पाची बोटं नीट बसवली. पट्टा बांधला. बोट खळगीत ठेवलं आणि डोळे मिटले, अर्धे नाही, पूर्ण. किती वेळ गेला सांगता येणार नाही. बोट थोडं डावीकडे सरकलं, परत आलं, खाली गेलं, थांबलं. मग कापूस फिरला. स्पिरिट वाळेपर्यंत त्या थांबल्या. आणि सवयीने त्यांचं बोट पुन्हा उठलं, पुसलेल्या जागेवर गेलं, चार अंगुळं वर हवेतच थांबलं, आणि मागे आलं. त्यांनी सुई घेतली. एकदाच. नळी भरायला लागली.

मुलीने ओठ दाबले होते. भिंतीकडचं तोंड तिने वळवलं आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "थोडं दुखलं."

"दुखलं असेल," जाऊबाई म्हणाल्या. "पण आकडा तुमचाच येईल."

दहाला आकडा आला. छापता छापताच मी वाचला, नियमाविरुद्ध, आणि कागद तिच्या हातात दिला. सरळ होता, मर्यादेच्या अगदी मधोमध. तिने तो दोनदा वाचला, बाकावर बसली, मग डॉक्टरला फोन लावला. स्कॅन रद्द झाला. जाताना ती खिडकीशी थांबली आणि म्हणाली, "म्हणजे खांदे माझे स्वतःचेच." मी म्हटलं, "सुरेख आहेत." ती हसली नाही, पण मान हलवली. जाऊबाईंकडे तिने पाहिलं नाही.

सहा जणींपैकी पाच जणींचे आकडे खाली आले. एकीचा तसाच राहिला. तिला खरंच औषधांची गरज होती, ती आता सुरू आहेत. मॅडमनी भिंतीवर नवा कागद लावला आहे: हात साबणाने, मोजा आख्खा, पुसल्यावर स्पर्श नाही. जाऊबाई जेल संध्याकाळी लावतात, साबणाने धुतात, आणि भेगांना मलम लावून झोपतात. पुढच्या तपासणीच्या सकाळी त्या भिंगकाकांच्या खुर्चीवर बसल्या आणि मुकाट्याने हात पुढे केला. काकांनी दोनदा टोचलं. त्यांनी हूं का चूं केलं नाही. आकडा ठीक आला. सव्वासातच्या हसण्याबद्दल मी काही सांगणार नाही, मी हल्ली रेडिओ लावते.

रांग महिनाभर जरा पातळ झाली होती, ती पुन्हा भरली. बोटाला मोज्यातून दिसायला लागलंय, पूर्वीइतकं नाही, पण लागलंय. लोक अजून तेच नाव घेऊन विचारतात. मी सांगते, आल्यात, पण आता थोडं दुखतं. काही जण दुसऱ्या खुर्चीकडे जातात. भिंगकाकांची कोडी अर्धवट राहायला लागली आहेत.

परवा ती पोहणारी आली, ओल्या केसांनी, रक्तातलं लोह तपासायची चिठ्ठी घेऊन. त्या सकाळी दुसऱ्या खुर्चीपुढे कोणी नव्हतं. मी म्हटलं, "काका मोकळे आहेत. लगेच होईल."

"नको, थांबते," ती म्हणाली. "पहिली खुर्ची. दुखलं तरी चालेल."